पांढरा पोशाख

मधमाश्यांच्या पेट्या उघडण्यासाठी मी माझा खास पोशाख चढवू लागलो, म्हणजे आमच्या घरात हमखास हशा पिकतो. धुऊन धुऊन मऊ झालेला, पूर्ण बाह्यांचा ढगळ पांढरा सदरा, पांढरी विजार, विजारीच्या टोकांवर ओढून घेतलेले पांढरे मोजे, डोक्यावर रुंद काठाची फिकी टोपी आणि त्या टोपीपासून गळ्यापर्यंत लोंबणारी जाळी! एवढा सरंजाम करून मी परसाच्या दाराशी उभा राहिलो, की आमची गृहिणी स्वयंपाकघरातून डोकावून विचारते, "मुंजीला निघालात, की मुंज्याला भेटायला?" शेजारच्या चिरंजिवांनी तर एकदा मला पाहून 'आई, भूत!' म्हणून भोकाड पसरले होते. या थट्टेत मीही सामील होतो. परंतु खरे सांगायचे तर, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात मी अंगावर चढविलेल्या सर्व कपड्यांत विचारपूर्वक निवडलेला असा पोशाख हा एवढा एकच आहे.

बाकीचे कपडे मी निवडले, असे म्हणण्यात फारसा अर्थ नाही. लहानपणी ते वडिलांनी निवडले, तरुणपणी मित्रांनी. आणि लग्नानंतर कोणी निवडले हे विवाहित वाचकांस सांगावयास नकोच. शिक्षकाच्या पेशात असताना तपासणीच्या दिवशी भर उन्हाळ्यातदेखील मी काळा कोट घालून घामाघूम होत असे. तो कोट काही थंडीवाऱ्यापासून रक्षण व्हावे म्हणून नव्हता. तपासनीसाच्या डोळ्यांसाठी होता. ऊन, वारा आणि लज्जा ही वस्त्रांची कारणे पुस्तकात शोभून दिसतात. व्यवहारात मनुष्य कपडे घालतो ते दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी. 'एक नूर आदमी, दस नूर कपडा' ही म्हण उगाच रूढ झालेली नाही. माझा हा पांढरा पोशाखदेखील दुसऱ्याच्या डोळ्यांसाठीच आहे. फरक एवढाच, की ते डोळे माणसाचे नाहीत.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी नात आमच्याकडे वाईस आली होती. कॉलेजात शिकणारी, धीट आणि कोणतीही गोष्ट कारणावाचून न मानणारी मुलगी! "आजोबा, मलाही पेट्या दाखवा," म्हणून तिने हट्ट धरला. अंगात काळा सदरा आणि गळ्याभोवती तांबड्या लोकरीचा गळपट्टा अशा थाटात ती परसाच्या दाराशी येऊन ठाकली. मी म्हटले, "आधी हा वेष बदल, मग चल."

"का? माश्यांना काय कळतंय रंगातलं?"

तिला वाटला तितका हा प्रश्न पोरकट नव्हता. शंभर वर्षांपूर्वी जर्मनीतील मोठमोठ्या पंडितांत याच प्रश्नावरून कडाक्याचा वाद माजला होता. म्यूनिकचे नामांकित नेत्रवैद्य कार्ल फॉन हेस यांनी असा सिद्धान्त मांडला होता, की मासे काय किंवा कीटक काय, हे सारे जीव रंगांध आहेत; त्यांना फक्त उजेड आणि अंधार यांच्या छटा कळतात. कार्ल फॉन फ्रिश या तरुण प्राणिशास्त्रज्ञाला हे पटेना. फुलांचे एवढे रंग जर कीटकांसाठी नसतील तर मग ते कोणासाठी, असा त्याचा साधा सवाल होता. त्याने मोकळ्या हवेत एक टेबल मांडले. त्यावर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत करड्या रंगाच्या निरनिराळ्या छटांचे कागदी चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे लावले आणि त्यांत एकच चौकोन निळा ठेवला. प्रत्येक चौकोनावर काचेची बशी. पण साखरेचे पाणी मात्र निळ्यावरच्या बशीत. माश्यांना ती जागा सरावाची झाल्यावर त्याने निळा चौकोन उचलून दुसरीकडे ठेवला आणि त्यावर कोरडी बशी मांडली. माश्या नेमक्या त्या निळ्यावर जाऊन बसल्या! त्या जर रंगांध असत्या, तर तितक्याच उजळ अशा एखाद्या करड्या चौकोनाशी त्यांची गल्लत झाली असती. हे प्रयोग १९१४ साली प्रसिद्ध झाले. पुढे मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ ज्यांनी उलगडला आणि १९७३ साली ज्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, ते फॉन फ्रिश हेच.

परंतु याच प्रयोगांत आणखी एक गोष्ट निघाली, आणि माझ्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची आहे. निळ्याच्या जागी तांबडा चौकोन ठेवून माश्यांना शिकवू गेले, तेव्हा त्या गोंधळल्या. तांबड्या चौकोनाप्रमाणेच त्या काळ्या आणि गडद करड्या चौकोनांवरही जाऊन बसू लागल्या. तांबडा आणि काळा यांत त्यांना भेद करता येईना. याचे कारण आता चांगले ठाऊक आहे. प्रकाशलहरींची लांबी मोजण्याचे जे सूक्ष्म माप आहे, त्या नॅनोमीटरमध्ये सांगायचे तर माणसाचा डोळा सुमारे ४०० पासून ७०० पर्यंतचा प्रकाश पाहतो. मधमाशीचा डोळा सुमारे ३०० पासून ६५० पर्यंतचा. म्हणजे आपल्या तांबड्याचा बराचसा पट्टा तिच्या दृष्टीबाहेर राहतो आणि त्याच्या बदल्यात आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश तिला स्पष्ट दिसतो. सूर्यफुलाच्या पाकळ्या आपल्याला सरसकट पिवळ्या दिसतात. मधमाशीला मात्र त्यांची टोके एका रंगाची आणि मुळाकडचा भाग दुसऱ्या रंगाचा दिसतो, कारण टोके अतिनील प्रकाश परतवतात आणि बुंधे तो गिळून टाकतात. युरोपातील शेतांत उगवणाऱ्या तांबड्या खसखशीवर माश्या आवडीने जातात, त्या काही तिच्या तांबडेपणावर भाळून नव्हे. त्या पाकळ्यांतून परतणारा अतिनील प्रकाश त्यांना बोलावून नेतो. ज्या तांबड्या रंगात असा दुसरा प्रकाश मिसळलेला नसतो, तो माशीच्या लेखी केवळ काळोख.

नात लक्षपूर्वक ऐकत होती. "बरं, दिसतो काळा. मग काळ्याशी त्यांचं एवढं वैर का?" तिने विचारले.

येथे मला माशीच्या शत्रूंची आठवण करून द्यावी लागली. मधाचा साठा करणाऱ्या या जातीवर दरोडा घालायला जे येतात, त्यांत अस्वल मुख्य. आणि आपल्या सह्याद्रीच्या रानातले अस्वल कसे असते, हे आपण चित्रात का होईना, पाहिलेलेच आहे. काळे, केसाळ, धापा टाकीत अंगावर येणारे! गडद, लवदार, हलणारे आणि प्राण्याच्या वासाचे जे जे काही पोळ्याच्या तोंडाशी येईल, त्यावर आधी तुटून पडावे, अशी माशीची प्रकृती लाखो वर्षांत घडत आली असावी, असा तर्क केला जातो. तर्क बाजूला ठेवला, तरी अनुभव आणि प्रयोग यांचा कौल तोच आहे. इंग्लंडमधील फ्री या संशोधकाने पोळ्यांच्या तोंडाशी निरनिराळी लक्ष्ये हालवून, कशात किती नांग्या रुततात हे मोजले आणि १९६१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. फिक्या रंगापेक्षा गडद रंगावर, गुळगुळीत पृष्ठभागापेक्षा खरखरीत व लवदार पृष्ठभागावर, स्थिर वस्तूपेक्षा हलत्या वस्तूवर डंख अधिक बसतात, हे त्यांतून दिसले. आणि एकदा नांगी बसली, की त्या जागेतून एक प्रकारचा गंध सुटतो. पिकलेल्या केळ्यासारखा तो वास म्हणजे माश्यांची रणभेरीच होय. मग एकीच्या मागोमाग दहा येतात.

माशीच्या डोळ्याची रचनाही या कामी सोयीची आहे. युरोपीय कामकरी माशीच्या प्रत्येक मोठ्या डोळ्यात सुमारे पाच हजार लहान नेत्रिका असतात. त्यांनी जे चित्र उभे राहते ते भरड, सतरंजीवरच्या नक्षीसारखे. चेहऱ्यावरची रेघ, कपाळावरचे गंध, वस्त्राचा पोत यांतले काही तिला दुरून दिसत नाही. मात्र हालचाल टिपण्यात ती आपल्याला सहज मागे टाकते. चित्रपटाच्या पडद्यावर सेकंदाला चोवीस चित्रे सरकतात आणि आपल्याला ती एकसंध हालचाल वाटते. माशीला ती चोवीस चित्रे सुटी सुटी दिसतील. म्हणून पेटीपाशी हात झटकायचा नाही, पदर किंवा टोपी हलवायची नाही, सारे काम संथपणे करायचे, असा आमच्या धंद्यातला पहिला धडा असतो.

तेव्हा पांढरा सदरा म्हणजे काही चिलखत नव्हे. चिडलेली वसाहत पांढऱ्यालाही डंख करते आणि रानातले आग्यामोहोळ उठले तर कोणताच रंग माणसाला वाचवीत नाही. शिवाय आपण ज्याला पांढरे म्हणतो, ते माशीच्याही लेखी पांढरेच असते असे नाही; हल्लीच्या साबणांतून कपडा उजळ करणारी जी द्रव्ये असतात, ती अतिनील प्रकाश गिळून त्याचा निळसर प्रकाश करतात, तेव्हा माझा सदरा तिला कोणत्या तरी भलत्याच रंगाचा दिसत असला पाहिजे. पण तो काळोखासारखा दिसत नाही, एवढे पुरे आहे. सुती आहे, लोकरीचा नाही. त्यात माशीचे पाय अडकत नाहीत, हेही तितकेच महत्त्वाचे. मी माणूस आहे हे माशीला कळावे अशी माझी अपेक्षाच नाही. मी अस्वल नाही, एवढीच तिची खात्री पटावी, यासाठी हा सारा खटाटोप!

नातीने हसत हसत काळा सदरा बदलायचे कबूल केले, पण गळपट्ट्याला हात लावून ती म्हणाली, "तरीसुद्धा आजोबा, हा लाल रंग माणसाला किती आनंदाचा वाटतो! त्यांना तो काळोख दिसतो म्हणजे नवलच, नाही?"

त्यावर मी काहीच बोललो नाही. हे नवल मला वीस वर्षांपूर्वी एकदा वाटून गेले होते आणि त्या दिवशी रात्रभर मला झोप लागली नव्हती.

२००५ साली मी नोकरीतून निवृत्त झालो आणि वाईच्या आमच्या जुन्या घरी येऊन राहिलो. वेळ जावा म्हणून मधमाशापालन शिकायला महाबळेश्वरास गेलो. तो सारा टापूच माश्यांचा; जांभूळ, हिरडा आणि सात वर्षांनी फुलणारी कारवी यांच्या मधासाठी त्याची कीर्ती आहे. २०२२ साली तेथले मांघर हे तर 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. आम्हांला शिकविणाऱ्या गृहस्थांनी पहिल्याच दिवशी बजावले, "काळं नको, लोकरीचं नको, तांबडं नको." मी विचारले, "तांबडं का नको?" ते सहज म्हणाले, "तांबडं त्यांना काळंच दिसतं हो." एवढे बोलून ते पुढच्या विषयाकडे वळले. माझे मन मात्र तेथून हलेना. पन्नास वर्षांपूर्वीचे आमचे परस, तिथला पारिजातक आणि त्याच्याखाली वाकलेली माझी आत्याआजी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

आत्याआजी म्हणजे माझ्या वडिलांची आत्या. बाराव्या वर्षी तिचे कपाळ पांढरे झाले आणि ती माहेरी परत आली, ती कायमचीच. त्या काळच्या रूढीप्रमाणे तिचे केशवपन झाले आणि अंगावर तांबडे आलवण आले. मी तिला पाहिले तेव्हा ती साठी उलटलेली होती आणि आलवणाशिवाय दुसरे वस्त्र तिच्या अंगावर मी कधी पाहिले नाही. तांबडा रंग म्हणजे कुंकू, तांबडा रंग म्हणजे लग्नातले पिंजर आणि तांबडा रंग म्हणजेच आलवण! एकाच रंगाने एकीला मखरात बसवावे आणि दुसरीला माजघराच्या कोपऱ्यात, हा आपल्या डोळ्यांचा खेळ मला लहानपणी कळणे शक्य नव्हते. घरातली मंगलकार्ये असली, की ती आपण होऊनच मागच्या पडवीत जाऊन बसे. तिचा एकच मानाचा अधिकार होता. देवाची फुले ती काढीत असे. परसातल्या पारिजातकाखाली पहाटे जाऊन, ओंजळीओंजळीने सडा वेचून, ती परडी भरून आणी. चाळीस वर्षांहून अधिक काळ या तिच्या नेमात खंड पडला नव्हता.

१९५५ साली माझ्या काकांनी मधमाश्यांच्या दोन पेट्या आणल्या. काका खादीधारी, ग्रामोद्योगाच्या विचाराने भारलेले. आमच्या डोंगरांतली सातेरी माशी तशी गरीब स्वभावाची. पेट्या पारिजातकाखाली सावलीत मांडल्या गेल्या. काका जाळी न घेता, उघड्या हातांनी चौकटी उचलीत आणि आम्हां पोरांना अभिमानाने सांगत, "माश्या माणूस ओळखतात. माझी त्यांना ओळख पटली आहे." आम्हांला ते पूर्णपणे खरे वाटे. काकांच्या अंगात धुतलेल्या शुभ्र खादीखेरीज कधी काही नसे, ही गोष्ट त्यांच्याही ध्यानात आली नव्हती आणि आमच्याही.

कार्तिकातली एक सकाळ मला लख्ख आठवते. आत्याआजीला त्या दिवशी बरे वाटत नव्हते म्हणून फुलांना उशीर झाला. ऊन वर आले होते, माश्यांची ये-जा सुरू झाली होती. थंडी होती म्हणून तिने आलवणावर काळसर धाबळी घेतली होती. आदल्याच दिवशी काकांनी पेटी उघडून पोळ्याला हात लावला होता. ती वाकली, ती नेमकी पेटीच्या दारासमोर. पहिली माशी डोक्यावर बसली तशी तिने घाईघाईने पदर झटकला आणि मग एकच कल्लोळ झाला. आम्ही धावलो तोवर तिच्या कपाळावर, कानांवर आणि तुळतुळीत डोक्यावर सात-आठ नांग्या रुतल्या होत्या. परडी उपडी झाली होती. ती ओरडली नाही. पडवीत येऊन बसली आणि नखाने एकेक नांगी काढून तिने स्वतःच चुना लावला.

तेवढ्यावर भागले असते. पण माझी आजी, म्हणजे तिची वहिनी, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "मुक्या जिवांनासुद्धा कळतं हो, पुढ्यात कोण आलं ते!"

आजी दुष्ट नव्हती. तिने आयुष्यभर आत्याआजीच्या दुखण्याखुपण्यात तिची सेवा केली. पण तोंडातून शब्द निघून गेला आणि तो घरात कोणालाही खोटा वाटला नाही. कारण माश्या माणूस ओळखतात, हे काकांनीच आम्हांला शिकविले होते! त्यांनी काकांना ओळखले तसे आत्याआजीलाही ओळखले, इतके ते सरळ होते. स्वतः काका असल्या शुभाशुभाच्या कल्पना मानणारे नव्हते. ते कळवळून म्हणाले, "आत्या, तू आता परसात येत नको जाऊ. फुलं पोरं आणतील." त्यांनी ते तिच्या काळजीपोटी म्हटले. पण त्या एका वाक्याने तिचा एकुलता एक मान गेला.

फुलांचे काम माझ्याकडे आले. मी आठ वर्षांचा होतो आणि माझा सदरा पांढरा होता. मला एकही माशी डसली नाही, याचा मला केवढा ताठा वाटे! आत्याआजी परसाच्या उंबऱ्यापर्यंत येऊन उभी राही; मी पारिजातकाखालून मोठ्याने सांगे, "आत्याआजी, पुढे येऊ नकोस हं, माश्या चावतील!" घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला हुकूम करण्याची ती एकच संधी मला मिळे आणि ती मी कधी दवडली नाही. पुढल्या वर्षी पारिजातक पुन्हा फुलला, तेव्हा एके दिवशी माझ्या हातातली परडी घेताना तिने हळूच विचारले, "माश्या अजून रागावल्यात का रे माझ्यावर?"

मी म्हटले, "हो. अजून."

असे मी का म्हटले? मला काहीच ठाऊक नव्हते. हुकमत सोडवत नव्हती, एवढेच. तिने मान हलवली आणि परडी घेऊन ती देवघराकडे गेली. पुन्हा तिने तो प्रश्न कधी विचारला नाही. १९६१ साली ती गेली. आमच्या घराचा उंबरा ओलांडून तिने परसात पाऊल टाकल्याचे त्यानंतर मला आठवत नाही.

महाबळेश्वरच्या त्या रात्री मी अंथरुणात पडून हिशेब करीत होतो. गडद तांबडे आलवण, म्हणजे माशीला काळोख. त्यावर काळसर, लवदार धाबळी. पेटीच्या दारासमोर वाकलेली आकृती. आदल्या दिवशी डिवचलेली वसाहत. झटकलेला पदर, आणि पहिल्या नांगीचा तो वास. यांतले नेमके कोणते कारण किती प्रबळ ठरले, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. केवळ रंगाच्या माथी सारे मारणे हेही शास्त्राला धरून होणार नाही. परंतु एवढे मात्र निश्चित, की त्या यादीत वैधव्य नव्हते. माशीला कुंकू दिसत नाही आणि कुंकवाचा अभावही दिसत नाही. आम्ही ज्या डोळ्यांनी आत्याआजीकडे पाहत होतो, ते डोळे आम्ही माश्यांना लावले आणि त्यांच्या तोंडून आपलाच निवाडा पुन्हा ऐकला. काकांचा अभिमान आणि आजीचा टोमणा, दोन्हींचे मूळ एकच होते. खादी पांढरी होती आणि आलवण तांबडे होते.

सर्वांत अधिक बोचते ते हे, की हे ज्ञान त्या वेळी जगात नव्हते असे नाही. फॉन फ्रिशच्या प्रयोगाला १९५५ साली चाळीस वर्षे उलटून गेली होती. ते वाईच्या एका परसापर्यंत येऊन पोहोचले नव्हते, एवढेच. आणि ते आले असते तरी काय केले असते? 'परसात येऊ नकोस' म्हणण्याऐवजी काकांनी आपले एखादे जुने पांढरे धोतर तिच्या खांद्यांवर टाकून 'आत्या, हे पांघरून ये' म्हटले असते. याहून अधिक काही लागले नसते. त्यासाठी खरे तर म्यूनिकला जाण्याचीही गरज नव्हती. आत्याआजीच्या मनाला काय वाटले असेल, एवढे कोणी पाहिले असते, तरी पुढची वाट सापडली असती.

नातीला मी हे सारे त्या सकाळी सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने गळपट्टा काढून घडी केली, खुंटीवरचा माझा एक पांढरा सदरा चढवला, टोपी घातली, जाळी खाली ओढली आणि आम्ही परसात गेलो. जुना पारिजातक कधीच वठून गेला. त्याच जागी मी दुसरा लावला आहे आणि त्याच्याखाली माझ्या चार पेट्या आहेत. मी चौकट वर उचलली. दोन-तीन माश्या तिच्या बाहीवर बसल्या, इकडेतिकडे चालल्या आणि उडून गेल्या. ती श्वास रोखून पाहत राहिली.

परत येताना तिने शेवटची शंका काढलीच. "सगळं पांढरं, मग ही तोंडावरची जाळी तेवढी काळी का हो? माश्या हिच्यावर नाही का चिडत?"

"चिडतात. जाळीवर येऊन आपटतातही," मी म्हटले. "पण जाळी पांढरी केली तर उन्हात ती आपल्याच डोळ्यांपुढे चकाकते आणि पलीकडचं काही दिसत नाही. काळ्या जाळीतून दिसतं. बाकी सारं माशीच्या डोळ्यांसाठी. एवढी एक जाळी तेवढी आपल्या डोळ्यांसाठी."

आमच्या परसाच्या दाराशी आता चार खुंट्या आहेत आणि त्यांवर लहानमोठ्या मापाचे चार पांढरे सदरे नेहमी धुऊन ठेवलेले असतात. पेट्या पाहायला कोणीही येवो, काळे नेसून येवो की तांबडे, 'पुढे येऊ नका' असे आमच्याकडे कोणाला म्हटले जात नाही. खुंटीवरचा एक सदरा काढून त्याच्या हाती दिला जातो. घरची मंडळी याही गोष्टीची थट्टा करतात. चौथा सदरा चांगला ऐसपैस आहे. म्हाताऱ्या माणसाला नेसत्या वस्त्रावरून सहज अंगावर घेता यावा, अशा बेताने मी तो शिवून घेतला आहे. अजून तो कोणी वापरलेला नाही. पण कार्तिक आला, पारिजातकाचा सडा पडू लागला, की तोही मी न चुकता धुऊन खुंटीवर अडकवतो.